तळपायावरील चामखीळ दोनदा गोठवूनही गेली नाही. उपचार पुढे चालू ठेवावा की थांबवावा?

मंदगती यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या डाव्या पायाच्या चवड्यावर, अंगठ्याच्या बुंध्यापासून साधारण दोन बोटांवर, गेल्या अकरा महिन्यांपासून एक चामखीळ आहे. सुरुवातीला चालताना खडा टोचल्यासारखे वाटत असे, आणि मी दोन-तीन वेळा खरोखरच बूट काढून झटकूनही पाहिला. पुढे त्या जागी घट्टा दिसू लागला, तेव्हा कुरूप झाले असावे असे समजून मी जवळजवळ चार महिने कुरूपाच्या पट्ट्या लावल्या. मात्र त्या नियमाने लावल्या असे म्हणता येणार नाही, दुखले की आठवण व्हायची एवढेच. अखेरीस त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्यावर ही चामखीळ असल्याचे समजले आणि त्यांनी ती द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्याचा सल्ला दिला.

पहिल्या वेळी त्यांनी कापसाचा बोळा नायट्रोजनमध्ये बुडवून दहा-बारा सेकंद टेकवला. जागा पांढरी झाली, थोडी चुरचुर झाली, आणि दुसऱ्या दिवशी काही घडले होते याची खूणही उरली नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या वेळी त्यांनी आधी पात्याने वरची जाड त्वचा तासली, मग बारीक नळीच्या फवाऱ्याने दोनदा गोठवले. त्या रात्री पाय ठणकत होता, आणि सकाळी तेथे जांभळट-काळा, टणक फोड आला होता. मला दिवसातले पाच-सहा तास उभे राहून काम करावे लागते, त्यामुळे चार दिवस टाचेवर भार देऊन कसेबसे निभावले. बाराव्या दिवशी फोडाची वाळलेली साल निघाली, आणि तिच्याखाली पुन्हा तेच काळे ठिपके दिसले. खरे सांगायचे तर, इतके सोसून तेच ठिपके पाहिल्यावर रडू आले.

हा उपचार फसला असे समजावे का? आणखी किती वेळा गोठवून घेणे शहाणपणाचे ठरेल? औषधाच्या दुकानात घरी वापरण्याचा गोठवणारा फवारा मिळतो, त्याने हेच काम होते का? आणि शेवटची काळजी म्हणजे, माझी नऊ वर्षांची मुलगी तेच स्नानगृह वापरते. तिला याचा संसर्ग होईल का?

त्वचावैद्य यांचा प्रतिसाद

मी त्वचारोगांचा उपचार करतो, आणि तळपायाची चामखीळ घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी बरेच जण तुमच्यासारखेच दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर निराश झालेले असतात. येथे मी तुमचा पाय पाहिलेला नाही, त्यामुळे जे लिहितो आहे ते सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

प्रथम त्या काळ्या ठिपक्यांविषयी. अनेकांना ती चामखिळीची मुळे वाटतात, आणि मुळे राहिली म्हणून ती पुन्हा उगवली असा समज होतो. चामखिळीला मुळे नसतात. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या थरापुरती, म्हणजे बाह्यत्वचेपुरती असते. तळपायावर शरीराच्या वजनाने आत दाबली गेल्यामुळे ती खोल गेल्यासारखी वाटते, इतकेच. ठिपके म्हणजे चामखिळीत वाढलेल्या केशवाहिन्या असून त्यांच्यात रक्त गोठलेले असते. ते अजून दिसत आहेत याचा अर्थ चामखिळीच्या काही पेशी जिवंत आहेत असा होतो. उपचार वाया गेला असा नव्हे.

गोठवल्याने नेमके काय होते ते समजले, तर दोन वेळांत ती का गेली नाही हेही उमगेल. चामखीळ मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होते. तळपायावर त्याचे 1, 2, 4, 27 आणि 57 हे प्रकार प्रामुख्याने आढळतात. द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे 196 अंश सेल्सिअस असते. त्याने पेशींत बर्फाचे स्फटिक तयार होतात, पेशींची आवरणे फाटतात, आणि जागा हळूहळू वितळताना आणखी नुकसान होते. लहान रक्तवाहिन्या बंद पडून त्या भागाचा रक्तपुरवठाही तुटतो. परंतु या थंडीने विषाणू मात्र मरत नाही. मरतात त्या विषाणूला आश्रय देणाऱ्या पेशी. त्या मेल्या, सोलून निघाल्या, आणि या सगळ्या गडबडीत शरीराच्या प्रतिकारशक्तीचे लक्ष त्या जागेकडे वेधले गेले, तर उरलेले काम ती करते असे मानले जाते. विषाणू बाह्यत्वचेत लपून राहतो आणि तेथे फारशी जळजळ होऊ देत नाही, म्हणूनच शरीर त्याच्याकडे महिनोन्महिने दुर्लक्ष करते.

हाताच्या पाठीवरची चामखीळ आणि तळपायावरची चामखीळ यांत मोठा फरक पडतो तो येथे. चवड्यावरील शिंगासारखी कडक त्वचा थंडीला अडवते. वरून जागा पांढरीशुभ्र दिसते, पण खाली पुरेसा गारवा पोहोचतोच असे नाही. म्हणून गोठवण्याआधी घट्टा नीट तासणे हे अर्धे काम आहे. तुमच्या वर्णनावरून पहिल्या वेळी तसे झालेले दिसत नाही, त्यामुळे ती वेळ मी हिशेबात जवळजवळ धरणारच नाही. दुसऱ्या वेळी तासून, दोनदा गोठवून, रक्ताचा फोड येण्याइतका परिणाम झाला, म्हणजे उपचार पुरेसा खोल गेला होता. फोड येणे ही चूक नव्हे. तळपायावर तो अपेक्षितच असतो, मात्र त्याची कल्पना रुग्णाला आधी द्यायला हवी, आणि ती तुम्हाला दिली गेली नसावी असे वाटते.

वेळांमधील अंतर साधारण दोन ते तीन आठवडे ठेवतात. त्याहून लवकर गोठवल्यास चामखीळ कदाचित थोडी आधी जाते, पण फोड आणि वेदना वाढतात आणि शेवटी बरे होण्याची शक्यता मात्र वाढत नाही. अंतर चार आठवड्यांच्या पुढे गेले की उरलेल्या पेशींना पुन्हा जम बसवायला सवड मिळते. पाच-सहा वेळा नीट तासून गोठवल्यावरही चामखिळीत काहीच बदल नसेल, तर तोच उपचार रेटण्यात मला अर्थ वाटत नाही.

आता थोडे कटू सत्य. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तळपायाच्या चामखिळीवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. बारा वर्षे व त्यावरील 240 रुग्णांपैकी निम्म्यांना द्रवरूप नायट्रोजनने दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने जास्तीत जास्त चार वेळा गोठवले, आणि निम्म्यांना 50 टक्के सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे कडक त्वचा मऊ करून सोलणारे औषध, रोज घरी लावायला दिले. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत सुमारे 14 टक्के रुग्णांच्या चामखिळी पूर्ण गेल्या होत्या, म्हणजे सातांतून एकाच्या. सहा महिन्यांनी रुग्णांनी स्वतः सांगितल्यानुसार हे प्रमाण दोन्ही गटांत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होते. त्याआधी 2010 मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत हातापायांच्या साध्या चामखिळींवर गोठवणे बरेच सरस ठरले होते (तेरा आठवड्यांत 49 टक्के, आम्लाने 15 टक्के, काहीच न करता 8 टक्के), पण तळपायावर हे आकडे अनुक्रमे 30, 33 आणि 23 टक्के असे एकमेकांच्या जवळ आले. त्यामुळे गोठवणे हा अधिक जोरकस उपचार आणि आम्ल हा गरिबांचा पर्याय, अशी जी समजूत आहे ती निदान तळपायापुरती तरी खरी नाही. दवाखान्यात वाफा निघणारे भांडे पाहिले की उपचार दमदार वाटतो, हा माणसाचा स्वभाव आहे. त्याला मीही अपवाद नाही.

तुमच्या जागी मी काय करीन ते सांगतो: पुढच्या दोन वेळांचे गोठवणे होऊ द्यावे, पण मधल्या काळात फोड पूर्ण बरा झाल्यावर रोज रात्री सॅलिसिलिक आम्ल लावून जागा तासत राहावी, म्हणजे डॉक्टरांना प्रत्येक वेळी पातळ त्वचेवर काम करता येईल. कुरूपाच्या ज्या पट्ट्या तुम्ही वापरल्या, त्यांत बहुधा हेच आम्ल सुमारे 40 टक्के असते. औषध योग्य होते, वापरण्याची पद्धत ढिली होती. शस्त्राने कापून काढण्याचा पर्याय कोणी सुचवला तर दहादा विचार करावा, कारण चवड्यावर व्रण राहिला तर तो चामखिळीपेक्षा जास्त काळ, काहींना जन्मभर, दुखतो.

अनवाणी यांचा प्रतिसाद

त्वचावैद्य यांनी जे आकड्यांत सांगितले ते मी स्वतःच्या टाचेवर भोगले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी चामखीळ एकूण पाच वेळा गोठवली गेली. पहिल्या दोन वेळा फरक पडला नाही. तिसऱ्या वेळी मोठा फोड आला, साल निघाली आणि मधोमध गुळगुळीत, गुलाबी त्वचा दिसली. मी घरात सर्वांना ती दाखवत सुटलो. आठवडाभराने लक्षात आले की त्या गुलाबी वर्तुळाच्या कडेने एक बारीक खरबरीत कडे उभे राहत आहे. मध्यभाग स्वच्छ, आणि भोवती बांगडीसारखी नवी चामखीळ. डॉक्टरांनी नंतर समजावले की गोठवताना चामखिळीच्या बाहेर एक-दोन मिलिमीटरपर्यंत निरोगी दिसणारी त्वचाही पांढरी व्हायला हवी, कारण विषाणू डोळ्याला दिसतो त्या सीमेवर थांबत नाही. शिवाय फोडाच्या कडेने तो पसरून असे कडे तयार होऊ शकते. तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा हा पांढरा काठ नीट उमटतो आहे ना, हे जरूर पाहावे. विचारण्यात संकोच नको.

चौथ्या आणि पाचव्या वेळेनंतर कडे अर्धे गेले, अर्धे राहिले, आणि माझी सहनशक्ती संपली. त्यानंतर मी केवळ आम्लाने चौदा आठवड्यांत ती घालवली. ते कसे केले ते सांगतो, कारण बाटलीवरच्या चिठ्ठीत हे धड लिहिलेले नसते. रात्री पाच ते दहा मिनिटे पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा. त्वचा फुगून पांढरट झाली की नखे घासायच्या खरबरीत कागदी पट्टीने वरचा मेलेला थर घासायचा. दुखू लागले किंवा गुलाबी दिसले की थांबायचे, रक्त येईपर्यंत कधीही घासायचे नाही. पाय पुसून कोरडा झाल्यावर भोवतालच्या चांगल्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीचे कडे काढायचे आणि मध्ये आम्लाचा एकच थेंब सोडायचा. तो दोन-तीन मिनिटांत वाळून पारदर्शक पापुद्रा होतो. त्यावर चिकटपट्टी लावून झोपायचे. दुसऱ्या रात्री जुना पापुद्रा सोलून पुन्हा तेच. पहिल्या महिन्यात काही होत नाही असे वाटते. मला सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवले की सकाळी पलंगावरून उतरताना पाय सरळ टेकवला आहे.

यात मी केलेली एक चूक कोणी करू नये. चामखीळ घासलेली पट्टी मी उजव्या टाचेच्या भेगांवरही फिरवत असे, आणि दोन महिन्यांत तेथे दोन नवे ठिपके उगवले. ती पट्टी केवळ चामखिळीसाठीच वापरायची आणि पाच-सहा दिवसांनी टाकून द्यायची, हे शहाणपण मला उशिरा सुचले.

सरळमार्गी यांचा प्रतिसाद

माझ्या मते इतका खटाटोप अनावश्यक आहे. माझ्या मुलाच्या तळपायावर सहा-सात चामखिळी होत्या. आम्ही काहीही केले नाही, दीड वर्षात सगळ्या आपोआप गेल्या, आणि तेही एकाच महिन्यात. ज्या आजाराला शरीर स्वतःच घालवते, त्यासाठी जिवंत माणसाला उणे 196 अंशांचा चटका देणे मला पटत नाही.

त्वचावैद्य यांचा प्रतिसाद

सरळमार्गी, तुमचा अनुभव खरा आहे आणि मुलांच्या बाबतीत तो अपवादही नाही. मुलांच्या साधारण दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत उपचाराशिवाय जातात, आणि तुम्ही म्हणता तशा अनेकदा सगळ्या मिळून जातात, कारण एकदा प्रतिकारशक्तीने विषाणू ओळखला की तिला एक आणि सात यांत फरक राहत नाही. म्हणूनच न दुखणाऱ्या चामखिळीसाठी लहान मुलाला गोठवण्याच्या खुर्चीवर बसवायला मी तयार नसतो. प्रौढांमध्ये मात्र हा वेग बराच मंद असतो, काहींच्या चामखिळी वर्षानुवर्षे टिकतात. आणि मंदगती यांना उभे राहून काम करताना वेदना होत आहेत. वाट पाहणे हाही उपचारच आहे, पण तो कोणाला परवडतो हे दुखणाऱ्या माणसाने ठरवायचे असते.

कोजागिरी यांचा प्रतिसाद

घरी वापरायच्या फवाऱ्याविषयी कोणी लिहिले नाही, आणि माझ्या दृष्टीने या चर्चेतील ती सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

माझ्या वडिलांना सोळा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या तळपायावर एक कडक गाठ होती, ती चामखीळ आहे असे त्यांनीच ठरवले, आणि कोणालाही न सांगता दुकानातून फवारा आणून वापरला. पहिल्यांदा काहीच जाणवले नाही म्हणून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, एकाच बैठकीत. काही जाणवले नाही याचे कारण फवारा सौम्य होता हे नव्हते. त्यांच्या पावलांची संवेदना मधुमेहामुळे केव्हाच कमी झाली होती, आणि ते आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हते. चौथ्या दिवशी मोज्यावर ओला डाग दिसला तेव्हा आम्ही पाय पाहिला. ती जखम भरायला चार महिने लागले, त्यांतील सहा आठवडे ते त्या पायावर भार देऊ शकत नव्हते. पुढे कळले की मूळची गाठ चामखीळ नव्हतीच. ती कुरूप होती.

मधुमेह असलेल्या, पायांना रक्तपुरवठा कमी असलेल्या किंवा पाय बधिर होणाऱ्या कोणीही घरी गोठवण्याच्या किंवा आम्लाच्या वाटेला जाऊ नये, एवढे तरी येथे ठळकपणे नोंदवले जावे.

त्वचावैद्य यांचा प्रतिसाद

कोजागिरी यांनी लिहिलेला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. त्यात एवढीच भर घालतो की थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याचा विकार असणाऱ्यांनी, थंडीने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनीही गोठवण्याआधी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

फवाऱ्याविषयी मंदगती यांनी विचारले होते. दुकानातील बहुतेक फवाऱ्यांत डायमिथाइल इथर आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते आणि त्याचे तापमान फार तर उणे 57 अंशांपर्यंत खाली जाते. त्वचेच्या आत पोहोचणारा गारवा त्याहूनही बराच कमी असतो. हाताच्या लहान, पातळ चामखिळीवर त्याचा कधी उपयोग होतो. चवड्यावरील जाड चामखिळीवर त्याचे बळ अपुरे पडते, आणि मग माणूस बळ वाढवण्यासाठी जास्त वेळ धरून ठेवतो. इजा होते ती त्यामुळे. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या या दोन गोष्टी प्रत्यक्षात फार वेगळ्या आहेत.

आणि चामखीळ की कुरूप, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा. कुरूपावर वरून सरळ दाबले की जास्त दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की जास्त दुखते. ही खूण उपयोगी आहे, पण शंभर टक्के भरवशाची नाही. अधिक खात्रीची खूण त्वचेवरील रेषांची. बोटांच्या ठशांसारख्या रेषा तळपायावरही असतात. घट्टा किंवा कुरूप यांवरून त्या रेषा तशाच पुढे जातात. चामखिळीपाशी मात्र त्या तुटतात आणि तिला वळसा घालतात. वरचा थर तासल्यावर चामखिळीत काळे ठिपके किंवा रक्ताचे सुईच्या टोकाएवढे थेंब दिसतात, कुरूपात मधोमध काचेसारखा कडक गाभा दिसतो. तळपायावरचा काळा किंवा रंग बदलणारा डाग, न भरणारी जखम, वेगाने वाढणारी गाठ यांपैकी काहीही असेल तर गोठवण्याआधी त्याचे निदान झालेच पाहिजे. तळपायावर मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो, आणि चामखीळ समजून महिनोन्महिने उपचार केलेली अशी उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

मंदगती यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भिंग घेऊन बसले आणि पहिल्यांदाच आपल्या तळपायाकडे इतके निरखून पाहिले. रेषा खरोखरच चामखिळीपाशी येऊन थांबतात आणि नदीच्या पात्रात खडक असावा तशा दोन्ही बाजूंनी निघून जातात. ठिपके मोजले, नऊ आहेत. मला मधुमेह नाही आणि पायाची संवेदना उत्तम आहे, थोडी जास्तच आहे म्हणा.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. गोठवल्यानंतर पुन्हा तसाच फोड आला तर तो फोडावा का? आणि मुलीच्या बाबतीत काय काळजी घ्यावी?

त्वचावैद्य यांचा प्रतिसाद

फोड लहान असेल आणि चालता येत असेल तर त्याला हात लावू नये. त्याची साल हीच सर्वांत चांगली मलमपट्टी असते. तो टणक होऊन ताण असह्य झाला तर दवाखान्यात निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढून घेता येते, साल मात्र जागेवरच ठेवायची. आंघोळ करायला हरकत नाही. ठणका पहिल्या रात्री जास्त असतो. त्यासाठी पाय उंचावर ठेवावा आणि पॅरासिटामॉल चालत असेल तर घ्यावी. उभे राहून काम असणाऱ्यांनी मध्ये भोक असलेली फेल्टची किंवा फोमची गादी लावावी, म्हणजे भार चामखिळीच्या भोवती विभागला जातो. आणि जमल्यास पुढची वेळ अशा दिवशी घ्यावी की त्यानंतर दोन दिवस विश्रांती मिळेल. लाली पसरत जाणे, पू येणे किंवा ताप येणे ही मात्र घरी वाट पाहत बसण्याची चिन्हे नव्हेत. तसे झाल्यास त्याच दिवशी दाखवावे.

मुलीविषयी बोलायचे तर, विषाणू ओल्या, भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून आणि बारीक ओरखड्यांतून सहज शिरतो, त्यामुळे स्नानगृहातील ओली फरशी ही संसर्गाची संभाव्य जागा आहे. तुम्ही तेथे चप्पल वापरावी, चामखिळीवर पाणी आत न शिरणारी चिकटपट्टी लावावी, आणि टॉवेल, वज्री, मोजे व बूट वेगळे ठेवावेत. यापलीकडे घर निर्जंतुक करत बसण्याची गरज नाही. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसायला काही आठवडे ते अनेक महिने लागू शकतात, म्हणून महिन्यातून एकदा तिचे तळपाय पाहत जा. काही उगवलेच, तर वर सरळमार्गी यांनी सांगितलेला मार्ग तिच्या वयाला बहुधा पुरेसा ठरेल.

अनवाणी यांचा प्रतिसाद

भिंगाची कल्पना उत्तम. माझ्याकडून एक पुरवणी: दर रविवारी त्याच उजेडात, त्याच अंतरावरून एक छायाचित्र काढून ठेवा. रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि मी तर तिसऱ्या महिन्यात सगळे सोडून देणार होतो. जुनी छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिल्यावरच चामखीळ निम्मी झाल्याचे दिसले.

चिकटपट्टीवरून आठवले, नुसती जाड चिकटपट्टी लावून चामखीळ जाते असे कोणीतरी येथे सुचवीलच. 2002 मध्ये एका लहान अभ्यासाने त्याबद्दल बरीच आशा निर्माण केली होती, पण नंतरच्या चाचण्यांत ती टिकली नाही. मी ती आम्ल जागेवर राहावे यासाठीच वापरली.

मंदगती यांचा प्रतिसाद (सात आठवड्यांनंतर)

ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना पुढचे कळवणे योग्य वाटले. दरम्यान आणखी दोनदा गोठवून घेतले. दोन्ही वेळी आधीच्या आठवड्यांत रोज आम्ल लावून जागा तासलेली असल्यामुळे डॉक्टरांना पाते फारसे चालवावे लागले नाही, आणि पांढरा काठ उमटेपर्यंत थांबण्याची विनंती मी स्वतः केली. त्यांनी ती हसून मान्य केली. तिसऱ्या वेळी फोड आला, चौथ्या वेळी केवळ लाली आली.

आज काढलेल्या छायाचित्रात नऊपैकी दोन ठिपके उरले आहेत, दोन्ही बाहेरच्या कडेला. अंगठ्याच्या बाजूने मात्र चार रेषा जुन्या जागेवरून सलग पलीकडे गेलेल्या दिसतात. डॉक्टर म्हणाले की रेषा संपूर्ण जुळेपर्यंत चामखीळ गेली असे मानायचे नाही, तेव्हा आम्ल चालूच आहे आणि पाचवी वेळ पुढच्या शुक्रवारी आहे. शनिवार-रविवार सुटी आहे, हे पाहूनच घेतली.